पिठले, बेशामेल आणि आमची मुले

गेल्या गणेशोत्सवात, सरकारने सध्या आम्हांस ज्या गावी नेऊन ठेविले आहे त्या गावच्या मराठी मंडळात, एक लहानसा प्रसंग घडला. तो इतका लहान होता की दुसऱ्या दिवशी कोणाच्या स्मरणातही राहिला नसेल. पण ज्यांच्या बाबतीत तो घडला ते आमचे चिरंजीव दहा वर्षांचे आहेत. आणि वयाची पस्तिशी उलटली तरी आम्हांस स्वतःचे दहाव्या वर्षीचे अपमान अजून तिथीवार आठवतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

मंडळाने मुलांची पाककृतीस्पर्धा जाहीर केली होती. सूचनेत अटी तीनच होत्या : स्पर्धक बारा वर्षांच्या आतील असावा, पदार्थ शाकाहारी असावा, आणि तो मुलाने स्वतः केलेला असावा. चिरंजीवांनी बटाट्याचा ग्राताँ केला. बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, साय, लसणाची एक पाकळी, मीठ आणि किसलेले जायफळ यांचा हा पदार्थ फ्रान्सच्या दोफिने प्रांतातला आहे. त्यात अंडे नाही, आणि जुन्या रीतीप्रमाणे केला तर चीजही नाही. दोन फसलेल्या प्रयोगांनंतर तिसऱ्या खेपेस तो बरा जमला आणि चिरंजीव स्वतःच्या हाताने थाळी झाकून मंडळात घेऊन गेले. परीक्षकांनी नाव विचारले, नाव ऐकले, आणि चव न घेताच थाळी टेबलाच्या कडेस सारली.

पुढे पारितोषिकसमारंभात अध्यक्षांनी या विषयावर दोन शब्द सांगितले. अध्यक्ष आमच्याहून पुष्कळ वरच्या श्रेणीतील अधिकारी आहेत, सज्जन आहेत, आणि मंडळासाठी पदरमोड करतात. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. ते म्हणाले की, आपण घरापासून शेकडो कोस दूर पडलो आहोत, आपली भाषा घराच्या चार भिंतींत उरली आहे; अशा वेळी थालीपीठ नि पुरणपोळी शिकवायची सोडून जे आईबाप मुलांना फ्रेंच पदार्थ शिकवितात, त्यांनी आपली मुले मराठी राहतील ही आशा सोडून द्यावी. टाळ्या पडल्या. चिरंजीव आमच्या शेजारीच बसले होते. त्यांनी टाळ्या वाजविल्या नाहीत; एवढेच विचारले, "बाबा, आपण आता मराठी नाही का?"

हा प्रश्न आम्ही या पानांवर मांडीत आहोत, कारण या मासिकाचे बहुतेक वाचक आमच्याच पंथाचे आहेत. तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड पेटाऱ्यांत भरायचे, नवे गाव, नवी शाळा, नवी लिपी, आणि प्रत्येक गावी तेच मंडळ, तोच गणपती, तीच चिंता : मुलांचे कसे होणार?

प्रथम कार्यपद्धतीचा मुद्दा निकालात काढू, कारण आम्ही पेशाने लिपिक आहो. अर्ज मागविल्यानंतर अट वाढविता येत नाही, हे ज्या अध्यक्षांनी कचेरीत शेकडो नस्तींवर स्वहस्ते लिहिले असेल, त्यांस हे आम्ही सांगावे असे नाही. पदार्थ मराठीच हवा होता तर सूचनेत तसे लिहावयाचे होते. आणि "स्वतः केलेला असावा" ही जी अट लिहिली होती तिचे काय झाले? पहिले पारितोषिक ज्या पुरणपोळ्यांस मिळाले त्या अशा एकसारख्या गोल, कडेपर्यंत पुरण भरलेल्या आणि मऊसूत होत्या, की त्या आठ वर्षांच्या मुलीने लाटल्या असे मानण्यास केवळ निष्ठा पुरत नाही, श्रद्धाच लागते. त्या मुलीचा यात काही दोष नाही. दोष आपल्या सर्वांचा आहे : पदार्थ मराठी असला म्हणजे तो मुलाने केला की आईने, हे पाहण्याची आपल्याला गरज वाटत नाही. आपल्याला ताट हवे असते, मूल नको असते. असो.

आता मूळ आरोपाकडे वळू. ही फ्रेंच पाककला आमच्या घरात शिरली कोठून? आम्ही पॅरिस पाहिलेले नाही आणि लिपिकाच्या वेतनात पाहण्याचा संभवही नाही. पण तीन वर्षे आम्ही पुदुच्चेरीस होतो. १६७४ साली फ्रांस्वा मार्तँ याने तेथे फ्रेंचांची वखार वसविली. मधली डच व इंग्रज अंमलाची वर्षे सोडली तर १९५४ पर्यंत ते गाव फ्रेंचांचे होते. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर येथे लोकप्रतिनिधींनी मतदान केले. १७८ पैकी १७० जणांनी भारतात सामील होण्याच्या बाजूने कौल दिला. १ नोव्हेंबरला सत्तांतर झाले, आणि कायद्याने हस्तांतर पुरे झाले ते १६ ऑगस्ट १९६२ रोजी. पुदुच्चेरीकरांनी झेंडा उतरविला; पाव ठेवला. आजही तेथे लांब, कडक सालीचा पाव भाजला जातो, आणि तो विकत घेणारा तमिळ गृहस्थ स्वतःला तसूभरही कमी तमिळ समजत नाही. उलट तेथील घरांत कांदा, लसूण, मोहरी व उडदाची डाळ कुटून, गोळे करून, आपल्या सांडग्यांसारखे उन्हात वाळविलेले 'वडवम' फोडणीस घालतात. त्याचेच फ्रेंचांनी 'वादुवाँ' केले आणि स्वतःच्या स्वयंपाकात नेले. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. मान खाली कोणाचीच गेली नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध तमिळ बाई राहत. त्यांचे बालपण फ्रेंच अमदानीत गेले होते. त्यांनी आमच्या मुलांना पहिला पदार्थ शिकविला तो दह्याचा केक. फ्रान्समध्ये बहुतेक मुले हाताने करतात तो पहिला केक हाच. त्याला तराजू लागत नाही. दह्याचे लहान भांडे रिकामे झाले की तेच माप : एक भांडे दही, दोन भांडी साखर, तीन भांडी मैदा, अर्धे भांडे तेल, अंडी दोन-तीन, आणि फुगण्यासाठी थोडी बेकिंग पावडर. पाच वर्षांचे मूलही हे मोजू शकते, आणि मोजता मोजता एक-दोन-तीनचे प्रमाण त्याच्या हातात बसते. आमच्या सौभाग्यवतींनी हे पाहिले आणि म्हणाल्या, "ही तर आपली वाटीच की!" त्यांचे म्हणणे खरे आहे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली निघालेल्या 'रुचिरा'ने महाराष्ट्रातील घरोघर वाटी-चमच्याचे माप नेले, आणि त्या मापाच्या आधाराने आपल्या कितीतरी आया-मावशा माहेरापासून दूर संसार करू शकल्या. ज्या घरात वाटीची विद्या आहे त्या घरास हा फ्रेंच केक परका वाटण्याचे कारण काय?

येथे आमचे टीकाकार म्हणतील की, हे सर्व ठीक, पण शिकवायचेच तर आपले का नको? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही.

आपले शिकवावेच. पण आपण ते शिकवीत नाही, ही गोष्ट आधी कबूल करू. आपल्या घरांत मराठी स्वयंपाक होतो, तो मुलांस वाढला जातो. शिकविला जात नाही. मुलगी असेल तर तेरा-चौदाव्या वर्षी तिला पोळ्या लाटायला बसवितात, आणि तेही शिक्षण म्हणून नव्हे, मदत म्हणून. मुलगा असेल तर त्याला स्वयंपाकघरातून बाहेर हाकलतात. मग तो आमच्यासारखा बावीस वर्षांचा पदवीधर होऊन परप्रांती रुजू होतो आणि पहिले सहा महिने खानावळीच्या रश्श्यावर काढून पोट बिघडवून घेतो. आम्हांस आठवते, पहिल्या नेमणुकीच्या गावी आम्ही एकदा पिठले करावयास गेलो, उकळत्या पाण्यात कोरडे बेसन टाकले, आणि जो पदार्थ निष्पन्न झाला तो गोट्यांच्या खेळास अधिक योग्य होता. त्या रात्री आम्ही मराठी होतो यात शंका नाही. पण त्या मराठीपणाने पोट भरले नाही.

फ्रेंचांकडून घेण्यासारखी गोष्ट त्यांचे पदार्थ ही नव्हे. शिकविण्याची रीत ही आहे. त्यांनी स्वयंपाकाचे व्याकरण मांडून ठेविले आहे. कारेम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चटण्या-रश्श्यांचे, ज्यांस ते 'सॉस' म्हणतात त्यांचे, मूळ प्रकार ठरविले आणि बाकीचे त्यांपासून साधिले. एस्कोफिए याने १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात ती मांडणी आणखी आटोपशीर केली. धातू ठाऊक झाला की रूपे चालविता येतात, तसा हा प्रकार आहे. बेशामेल घ्या. लोणी वितळवायचे, तितकाच मैदा घालून मंद आचेवर कच्चट वास जाईपर्यंत परतायचा, मग थोडे थोडे दूध घालीत, एकसारखे ढवळीत, गुठळी न होऊ देता दाट करायचे. पन्नास ग्रॅम लोणी, पन्नास ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. एवढे ज्याला जमले त्याला फुलकोबीचा ग्राताँ जमतो, पालक जमतो, अर्धा फ्रेंच घरगुती स्वयंपाक जमतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वतयारी. चूल पेटविण्यापूर्वी सर्व जिन्नस चिरून, मोजून, वाट्यांतून ओळीने मांडायचे. तिला ते 'मीज़ आँ प्लास' म्हणतात. ज्यांचा जन्म कचेरीत गेला त्यांस या नियमाचे मर्म सांगावयास नको. संदर्भाचे कागद लावल्याशिवाय टिपणी लिहावयास बसणारा लिपिक आणि तेल तापल्यावर मोहरीचा डबा शोधणारा स्वयंपाकी यांची गत एकच. चिरंजीव हा नियम ग्राताँ करताना शिकले, आणि आता शाळेचे दप्तरही रात्रीच भरून ठेवतात. हा लाभ आम्ही गृहीत धरला नव्हता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे : चव ही वारशाने येत नाही, ती शिकवावी लागते, हे फ्रेंचांनी ओळखले. आपली समजूत अशी की फ्रेंच मूल जन्मतःच रसिक असते. तसे नाही. अमेरिकेतील त्या प्रसिद्ध बर्गर-कंपनीच्या परदेशांतील मोठ्या बाजारपेठांत फ्रान्सची गणना होते, यावरून तेथील मुलांचा कल कोणीकडे जातो हे दिसते. हा धोका त्यांच्या जाणत्यांनी पूर्वीच ओळखला. झाक प्यूइझे या रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी 'चवीचे वर्ग' चालविले : गोड, खारट, आंबट, कडू यांची ओळख, वासाची ओळख, आणि चाखलेल्या वस्तूचे शब्दांत वर्णन. १९९० पासून तेथे दर शरद ऋतूत 'चवीचा सप्ताह' साजरा होतो आणि स्वयंपाकी शाळांत जाऊन मुलांस शिकवितात. २०१० साली युनेस्कोने फ्रेंचांच्या सहभोजनाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली; तीत नुसता पदार्थ नाही, तर एकत्र बसणे, पदार्थांचा क्रम आणि जेवता जेवता होणारी बातचीतही आली. ज्यांचे अन्न जगात गाजले ते लोकसुद्धा मुलांना शिकविण्यावाचून निभाव नाही असे मानतात. आपण मात्र टाळ्या वाजवून मोकळे होतो.

आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप परकेपणाचा. अध्यक्षमहाशय, आपल्या मंडळात चतुर्थीस साबुदाण्याची खिचडी होते, आम्ही ती दोनदा मागून घेतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. तो तयार होतो मुख्यतः तमिळनाडूत, सेलमच्या आसपास. तीत पडणारा बटाटा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही त्याच खंडांतली. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज, 'पाव' पोर्तुगीज, 'कोबी' पोर्तुगीज. आपले सर्वांत सोवळे फराळाचे ताट असे साता समुद्रांपलीकडून आले आहे, आणि त्याने आपला धर्म बुडाला नाही. चिरंजीवांच्या थाळीतील बटाटा मात्र दुधात शिजला म्हणून बाटला! बटाट्यावर असा प्रसंग फ्रान्समध्येही आला होता. १७४८ साली पॅरिसच्या न्यायसभेने त्याची लागवड निषिद्ध ठरविली. त्याने महारोग होतो अशी समजूत होती. पुढे प्रशियाच्या कैदेत बटाट्यावर दिवस काढलेल्या पार्मांतिए याने त्याची बाजू लावून धरली, आणि १७७२ साली पॅरिसच्या वैद्यकमंडळाने तो खाण्यास योग्य ठरविला. म्हणजे चोवीस वर्षे लागली. आमच्या मंडळास तितकी लागू नयेत एवढीच प्रार्थना.

आणि परप्रांतातील मराठी माणसाचे आदर्श कोण? तंजावरचे भोसले. महाराष्ट्रापासून इतके दूर राहून ज्यांनी दीडशे वर्षांवर मराठी राखली, नाटके लिहविली, मोडी कागदांचे ढीग मागे ठेविले, त्यांतील सरफोजीराजे इंग्रजी, फ्रेंच शिकले, युरोपीय वैद्यकाची पुस्तके गोळा केली. आणि त्यांच्या काळच्या पाकशास्त्राच्या मराठी पोथीत इंग्रजी धर्तीच्या पदार्थांनाही जागा मिळाली. विलायती पाक त्यांनी मराठीत लिहून घेतला, यातच सर्व आले. मराठी राखण्याचा तो मार्ग होता : बाहेरचे आत आणायचे आणि आपल्या भाषेत बसवायचे. दार लावून घेणारा तंजावरात तीन पिढ्याही मराठी राहिला नसता.

दुसरा आक्षेप चैनीचा. 'फ्रेंच' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंचतारांकित उपाहारगृह, मद्याचे पेले आणि मोठ्या बशीच्या मध्यभागी सुपारीएवढा पदार्थ येतो. हे फ्रेंच घर नव्हे; ती फ्रेंच दुकानदारी आहे. फ्रेंच घर म्हणजे कांद्याचे सूप, शिळ्या पावाचे तुकडे, मसूर, घेवड्याचे दाणे, कोबी, बटाटा. प्वी गावचा हिरवा मसूर तेथे इतका मानाचा की १९९६ पासून त्या नावास कायद्याचे संरक्षण आहे. वांगे, भोपळी मिरची, टोमॅटो, कांदा आणि दोडक्याच्या जातीची एक कोवळी भाजी तेलात मंद शिजवून नीस येथील लोक राताटुई करतात. तिच्यात आपल्या मंडईत न मिळणारे काहीच नाही, आणि त्या कोवळ्या भाजीच्या जागी दुधी घातला तर नीसचे नगराध्यक्ष तक्रार घेऊन येत नाहीत. मद्याचे म्हणाल, तर तेथेही चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या भोजनगृहात ते देणे १९५६ साली बंद झाले. आमच्या घरात ते कधी सुरूच झाले नव्हते. मांसाचे म्हणाल, तर २०१८ च्या कायद्यान्वये तेथील शाळांना आठवड्यातून एक जेवण शाकाहारी देण्याचा प्रयोग लावून दिला आणि २०२१ साली तो कायम केला. आमच्या चिरंजीवांच्या ग्राताँचा खर्च एक किलो बटाटे आणि अर्धा लिटर दूध. मंडळातील ज्या सभासदांच्या घरी दर शनिवारी डब्यातून पिझ्झा येतो, त्यांनी चैनीचा हिशोब आमच्यापुढे मांडू नये. त्या डब्यावर अध्यक्षीय भाषण आम्ही अजून ऐकलेले नाही. मुलाने हाताने केलेले परके अन्न मराठीस मारक, आणि पैसे टाकून मागविलेले परके अन्न निरुपद्रवी, हे शास्त्र कोणत्या ग्रंथातले?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलला नाही, पण परीक्षकभगिनींच्या हसण्यात तो होता : मुलग्याला हे कशाला? यास आम्ही एवढेच उत्तर देतो की, ज्यांच्या मुलांना पुढे आपल्याप्रमाणेच गावोगाव हिंडावयाचे आहे, त्यांनी मुलास पोहणे शिकवावे तसा स्वयंपाक शिकवावा. बुडताना मुलगा आणि मुलगी यांत पाणी भेद करीत नाही.

या सर्वांत एक बाजू आमच्या विरोधात जाते, तीही सांगितली पाहिजे. फ्रेंच अन्नाच्या नावावर आपल्याकडे एक नवा भपका येत आहे. मुलास 'क्रोआसाँ' हा शब्द नाकातून उच्चारता आला की आईबाप धन्य होतात आणि त्याला भाकरीचे पीठ कशाचे हे ठाऊक नसते. अशा घरांविषयी अध्यक्षांनी जे म्हटले ते अक्षरशः खरे आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर पाककृतीच्या चित्रफिती पाहून मुलाकडून एकदा केक करवून त्याची छायाचित्रे आप्तेष्टांस पाठविणे, हे शिक्षण नव्हे. ते प्रदर्शन आहे. आम्हांस अभिप्रेत असलेली गोष्ट याहून संथ आणि कंटाळवाणी आहे. आठवड्यातून एक दिवस, आमच्या घरी रविवार, एकच पदार्थ, तोच तोच, हाताला वळण लागेपर्यंत. आमच्या घरी बेशामेल पाच रविवार चालले. पहिल्या रविवारी ते करपले, दुसऱ्या रविवारी त्याची खळ झाली. ग्राताँच्या पहिल्या खेपेस आच मोठी ठेवल्याने दूध फाटले. दुसऱ्या खेपेस चकत्या पाण्यात धुतल्या, त्यामुळे बटाट्याचा सत्त्वांश निघून गेला आणि दूध दाट होईना. हे फसणे हाच अभ्यासक्रम होय. जे फसले ते घरातील चौघांनी मुकाट्याने खाल्ले, हाही अभ्यासक्रमच.

आणि जेवणाचा एक नियम आम्ही फ्रेंचांकडून जसाच्या तसा उचलला : मुलांसाठी वेगळे जेवण नाही. मोठे जे खातात तेच मुले खातात. अधेमधे खाणे नाही, दुपारी चारच्या सुमारास एकदा काय ते खाऊन घ्यावे. आणि न आवडणाऱ्या पदार्थाचा एक घास घ्यावा लागतो, दुसरा ऐच्छिक. आमच्या धाकट्या कन्येने दुधी भोपळ्याचा असा एकेक घास कित्येक आठवडे घेतला आणि अखेरीस एके दिवशी काही न बोलता वाटी रिकामी केली. तो दुधी आधी राताटुईत होता; पुढे चणाडाळ घातलेल्या भाजीतही चालू लागला. ज्या मातांना मुले वरणभाताशिवाय काही खात नाहीत अशी चिंता आहे, त्यांनी हा नियम लावून पाहावा. फ्रेंच असला तरी तो बाधत नाही.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे येतो : आपण आता मराठी नाही का?

गणेशोत्सवानंतर तीन आठवडे त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही. आम्ही आग्रह केला नाही. मग एका रविवारी सौभाग्यवती रात्रीसाठी पिठले करीत होत्या. चिरंजीव दारात उभे राहून पाहत होते. ते एकाएकी म्हणाले, "आई, हे बेशामेलच आहे ना? फक्त पीठ आधी परतलेले नाही, पाण्यात कालवले आहे." आई म्हणाली, तुझी आजी वेगळे करते; ती फोडणीत पीठ परतून मग पाणी घालते. "मग गुठळ्या कशा होत नाहीत?" हे आईस सांगता येईना. चिरंजीवांनी सांगलीस दूरध्वनी लाविला.

आमच्या मातोश्रींचे वय एकाहत्तर. एरवी या दोघांचे संभाषण "बरा आहेस ना?", "हो आजी", "अभ्यास कर" यापुढे जात नसे, कारण दोघांना एकमेकांस सांगण्यासारखे काही नव्हते. त्या रविवारी ते पाऊण तास बोलत होते. पीठ बोटांनी भुरभुरावे की एकदम टाकावे. पळीने ढवळावे की रवीने. कढईच्या बुडास लागलेली खरपुडी कोणाच्या वाटणीस येते. चुलीवरच्या लोखंडी कढईतल्या पिठल्याला वेगळी चव का येते. आजोबांना झुणका कोरडा लागे की ओलसर. भुरभुरणे, परतणे, कालवणे, खमंग, कच्चट, मिळून येणे : हे शब्द आमच्या मुलाच्या तोंडी आम्ही त्यापूर्वी ऐकले नव्हते. ते कोणत्याही मंडळाच्या भाषणात नव्हते, शाळेच्या पुस्तकात नव्हते. त्यांची गरज त्याला पडली, कारण बेशामेलला गुठळ्या होतात हे त्याला आधी कळले होते.

अखेरीस मातोश्रींनी विचारले म्हणे, "आणि ते तुझे बटाट्याचे काय ते, ते सांग बघू. उपासाला चालेल का?" चिरंजीवांनी लसूण वगळून चालेल असे उत्तर दिले, आणि संपूर्ण कृती तिला मराठीत सांगितली. फ्रेंच पदार्थाची ती कृती ऐकून सांगलीच्या एका स्वयंपाकघरात तो येत्या एकादशीस होणार असे कळते. जायफळ मात्र तिने कमी करावयास सांगितले आहे.

अध्यक्षमहाशय, आमच्या नस्तीवरील टिपणी येथे संपते. दोन सूचना करून ती आपल्यापुढे ठेवितो. पहिली, पुढील वर्षीच्या स्पर्धेत पदार्थ मंडळात, सर्वांसमोर, मुलांच्या हातून करवून घ्यावा; मग तो पुरणपोळी असो की ग्राताँ. दुसरी, परीक्षकांनी नाव ऐकण्यापूर्वी एक घास घ्यावा. दुसरा घास, आमच्या घरच्या नियमाप्रमाणे, ऐच्छिक राहील.

आणि वाचकहो, आपणांपैकी ज्यांची बदली होऊन परक्या गावी बिऱ्हाड लागले असेल त्यांनी मुलांना घेऊन आधी तेथील मंडई पाहावी, शेजारणीला एक पदार्थ विचारावा, आणि तो मुलांच्या हातून घरी करवावा. तो पदार्थ फ्रेंचच असावा असा आमचा आग्रह नाही. आम्ही पुदुच्चेरीस होतो म्हणून आमच्या वाट्यास तो आला. ओट्याशी बोलणे तेवढे मराठीत असू द्यावे. ग्राताँ भट्टीत तासभर शिजतो, आणि तेवढ्या वेळात मुले पुष्कळ बोलतात.